उन्हाळी निवासी गणित-संशोधन : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच विषयाची निघाली. गणितातील दोन ते सहा संशोधकांच्या लहान गटाला काही दिवस किंवा काही आठवडे एकत्र राहून काम करू देणारे निवासी कार्यक्रम परदेशात बरेच आहेत, आणि त्यांविषयीची उत्सुकता पुण्यातल्या महाविद्यालयांतही पोहोचलेली दिसते. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे वगळली आहेत आणि पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी कोथरूडमधील एका वरिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. माझे एक सहकारी कोल्हापूरला आणि एक कॅनडात आहेत. आम्ही तिघे गेली दोन वर्षे आलेख सिद्धांतातील (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या गणितातील) एका प्रश्नावर काम करीत आहोत. दर आठवड्याला संगणकावर भेट होते, परंतु सिद्धता अर्ध्यावर अडकली आहे. लहान गटांना बोलावणाऱ्या या संस्था नेमके काय देतात, खर्च कोण करते, आणि विद्यापीठाऐवजी महाविद्यालयात काम करणाऱ्यांना तेथे थारा मिळतो का?

उत्तर : परिषदेला आपण झालेले काम सांगायला जातो, या कार्यक्रमांना न झालेले काम घेऊन जायचे असते. तेथे उद्घाटन नसते, सत्राध्यक्ष नसतात आणि बहुतेक ठिकाणी व्याख्यान देण्याचीही सक्ती नसते. एक खोली, मोठा फळा, चांगले ग्रंथालय, राहण्या-जेवण्याची सोय आणि कोणीही हाक मारणार नाही अशी सलग वेळ, एवढेच मिळते. ज्यांना आठवड्याला सोळा तास शिकवून शिवाय प्रवेश समितीचे काम करावे लागते, त्यांना या यादीतील शेवटच्या गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको.

या पद्धतीचे सर्वांत परिचित ठिकाण म्हणजे जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधील ओबरवोल्फाख येथील गणित संशोधन संस्था. संस्थेची स्थापना १९४४ ची. दोघा-तिघांनी येऊन राहावे आणि एकच प्रश्न धरून बसावे यासाठी तिने १९९५ मध्ये ‘रिसर्च इन पेअर्स’ हा उपक्रम सुरू केला. आज तो ‘ओबरवोल्फाख रिसर्च फेलोज’ या नावाने चालतो. निरनिराळ्या ठिकाणी काम करणाऱ्या दोन ते चार जणांनी अर्ज करायचा, निवड झाल्यास काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत राहायचे, आणि निवास व भोजन संस्थेकडे, अशी रचना आहे. विमानाचे तिकीट मात्र सामान्यतः आपले आपण पाहायचे. या संस्थेच्या भोजनगृहातील एक प्रथा मला फार आवडते. कार्यशाळेसाठी आलेल्यांच्या नावांचे रुमाल कर्मचारी दर जेवणाला वेगवेगळ्या टेबलांवर मांडतात, त्यामुळे ओळखीच्याच माणसांच्या घोळक्यात बसून राहण्याची सोय उरत नाही.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वतांमधील बॅन्फ येथे २००३ पासून चालणाऱ्या संशोधन केंद्राचा ‘रिसर्च इन टीम्स’ हा उपक्रम दोन ते चार जणांना एक किंवा दोन आठवडे बोलावतो. तेथेही राहणे-जेवणे केंद्राचे आणि प्रवास आपला. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिक्स, म्हणजे एआयएम, ही १९९४ मध्ये स्थापन झालेली संस्था आता कॅलिफोर्नियात पासाडेना येथील कॅलटेकच्या आवारात आहे. तिच्या ‘स्क्वेअर’ उपक्रमाची कल्पना या सर्वांत अधिक विचारपूर्वक केलेली आहे असे माझे मत आहे. चार ते सहा जणांचा गट एक आठवडा येतो, घरी जातो, आणि काम पुढे सरकले असेल तर पुढील वर्षी तोच गट पुन्हा येतो. असे तीन वेळा होऊ शकते. कठीण प्रश्न एका आठवड्यात सुटत नाही, मधल्या अकरा महिन्यांत डोक्यात मुरतो, याची जाण या रचनेत आहे, आणि येथे प्रवासखर्चही दिला जातो. फ्रान्समध्ये मार्सेयजवळ लुमिनी येथे १९८१ पासून असलेले सीआयआरएम हे गणिताचे केंद्रही लहान गटांना निवासी स्वरूपात बोलावते.

नावातच उन्हाळा असलेला आणि आपल्या पत्रातील परिस्थितीला सर्वांत जवळचा कार्यक्रम कॅलिफोर्नियातील बर्कलेचा आहे. तेथील एमएसआरआय या गणित संशोधन संस्थेचे नाव २०२२ मध्ये बदलून सायमन्स लॉफर संस्था असे झाले. तिचा ‘समर रिसर्च इन मॅथेमॅटिक्स’ हा कार्यक्रम दोन ते सहा जणांच्या गटांना किमान दोन आठवड्यांसाठी बोलावतो. तो मुळात स्त्री-गणितज्ञांसाठी सुरू झाला, आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या, एकाकी पडलेले कार्यस्थळ किंवा निधीचा अभाव यांमुळे ज्यांचे संशोधन खुंटते, त्यांच्याकडे आजही विशेष लक्ष देतो. ज्या विभागात आपल्या विषयावर बोलायला दुसरे माणूस नाही तेथे काम करणे ही अर्जात झाकून ठेवण्याची बाब नाही. या कार्यक्रमापुरते तर ते निवडीचे सबळ कारण आहे.

आपण तिघे असल्यामुळे एआयएमचा पर्याय सध्या बाद होतो. बॅन्फ आणि बर्कले हे दोन्ही पर्याय मोकळे आहेत, आणि एक सहकारी कॅनडातच असल्यामुळे बॅन्फला गेल्यास तिकिटाचा मोठा खर्च दोघांपुरता राहील. मात्र ठरलेल्या तारखेच्या वर्षभर आधी हालचाल सुरू करा; या संस्थांची निवड सावकाश होते आणि आपल्याकडील परवानग्या त्याहून सावकाश मिळतात.

प्रश्न : पीएच.डी. होऊन मला दोन वर्षे झाली. सध्या पिंपरीत तासिका तत्त्वावर शिकवतो. अशा अर्जात काय लिहावे? गटात एखादे मोठे नाव घेतले तर निवडीची शक्यता वाढते का?

उत्तर : अर्ज वाचणारे स्वतः गणितज्ञ असतात, ही गोष्ट लिहिताना विसरू नये. आर्यभट आणि भास्कराचार्य यांच्यापासून सुरुवात करून तिसऱ्या पानावर आपल्या प्रश्नाकडे येणारा अर्ज पहिल्याच परिच्छेदात वाचकाला गमावतो. आपली अटकळ, म्हणजे खरे वाटते पण अजून सिद्ध झालेले नाही असे विधान, एका वाक्यात मांडा. ती कोणत्या विशेष बाबतीत सिद्ध झालेली आहे, कोणी केली, आणि सर्वसाधारण बाबतीत नेमकी कोणती पायरी टिकत नाही, हे सांगा. अडलेल्या जागेचे वर्णन जितके नेमके, तितका अर्ज भक्कम होतो, कारण आपण त्या प्रश्नाशी खरोखर झुंजलो आहोत हे त्यातूनच समजते. त्यानंतर प्रत्येकाने काय आणले आहे ते लिहा: एकाला संभाव्यतेच्या पद्धती अवगत असतील, दुसऱ्याने बीजगणिताच्या बाजूने प्रयत्न केलेला असेल, तिसरा संगणकावर लहान उदाहरणे तपासू शकत असेल. शेवटी, हे काम ईमेलवर का होत नाही, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्या. ‘एकत्र आल्याने विचारांची देवाणघेवाण होईल’ हे वाक्य सर्वच अर्जांत असते. ते लिहून काहीही सांगितल्यासारखे होत नाही. मुख्य वाट बंद निघाली तर दुसऱ्या आठवड्यात कोणती दुय्यम वाट धरणार, हेही दोन ओळींत असावे.

मोठ्या नावाविषयी माझे मत स्पष्ट आहे. ते नाव त्या प्रश्नावर खरोखर काम करीत असेल तर अवश्य घ्यावे, शोभेसाठी घेऊ नये. असे ज्येष्ठ तीन दिवस येऊन निघून जातात आणि उरलेल्यांच्या हातात अर्धवट सूचनांचे कागद राहतात. ज्याच्यासमोर चुकीची कल्पना बोलून दाखवायला संकोच वाटतो, त्याच्याबरोबर दोन आठवडे एका फळ्यासमोर उभे राहणे अवघड असते, आणि अशा कामात चुकीच्या कल्पनांचे प्रमाण बरोबर कल्पनांपेक्षा नेहमीच मोठे असते. हार्डी आणि लिटलवुड या इंग्लिश गणितज्ञांनी आपल्या दीर्घ सहकार्यासाठी चार नियम ठरवले होते, असे डॅनिश गणितज्ञ हाराल्ड बोर यांनी नोंदवून ठेवले आहे. त्यांतला पहिला हाच: एकाने दुसऱ्याला लिहिलेले बरोबर आहे की चूक, याला काडीचेही महत्त्व नाही. पत्राला उत्तर देण्याचे, किंबहुना ते वाचण्याचेही, बंधन नाही, हा दुसरा. आणि दोघांनी एकाच वेळी एकाच तपशिलावर विचार न केलेला बरा, हा तिसरा. चौथ्या नियमाकडे पुढच्या एका उत्तरात येतो.

तासिका तत्त्वावर असणे ही अर्जातील अडचण नाही. गटात अद्याप पीएच.डी. न झालेला विद्यार्थी असेल तर मात्र त्या-त्या संस्थेची अट वाचून घ्यावी.

प्रश्न : सर्व काही जुळले तरी रजा कशी मिळवावी? आमच्या प्राचार्यांचे म्हणणे असे की ‘उन्हाळी’ कार्यक्रम असेल तर सुट्टीतच जा. (सहायक प्राध्यापक, हडपसर)

उत्तर : आपल्या प्राचार्यांनी नकळत मुख्य अडचणीवरच बोट ठेवले आहे. अमेरिकेचा किंवा युरोपचा उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. आपली सुट्टी म्हणजे साधारणतः मे आणि जूनचा पहिला भाग. बर्कलेमध्ये हे गट जमतात तेव्हा पुण्यात प्रवेशफेऱ्या सुरू असतात, वेळापत्रक लागलेले असते आणि पहिल्या वर्षाचे वर्ग भरू लागलेले असतात. सहकारी अमेरिकेत असतील तर तेथील सत्र मेच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, त्यामुळे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत दोघांचीही सुट्टी असा महिनाभराचा पट्टा सापडतो. सहकारी जर्मनीत असतील तर हाही पट्टा हाती लागत नाही, कारण तेथील उन्हाळी सत्राची व्याख्याने एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत चालतात, आणि ते मोकळे होतात तेव्हा आपल्याकडे गणपती जवळ आलेले असतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला असा की ओबरवोल्फाख आणि बॅन्फ येथील लहान गटांचे उपक्रम केवळ उन्हाळ्यापुरते नाहीत, त्यामुळे अर्जातच मेचे किंवा दिवाळीच्या सुट्टीचे आठवडे मागता येतात. नोव्हेंबरात ब्लॅक फॉरेस्टमध्ये दुपारी साडेचार-पाचलाच अंधार पडतो आणि फिरायला जाण्याजोगे हवामान नसते. सिद्धता लिहिण्याला ते सोयीचेच म्हणायचे.

दुसरा उपाय नियमांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत शैक्षणिक वर्षाला कमाल ३० दिवसांच्या कर्तव्यरजेची तरतूद आहे, आणि ज्या कारणांसाठी ती देता येते त्यांत विद्यापीठाने पाठवल्यास दुसऱ्या भारतीय किंवा परदेशी विद्यापीठात अथवा संस्थेत जाऊन काम करणे हेही येते. म्हणून निमंत्रणपत्रात ‘भेट’ असा मोघम उल्लेख न ठेवता संशोधनाचे स्वरूप, गटातील सदस्य, तारखा आणि निवासखर्च संस्था उचलणार असल्याचे स्पष्ट लिहून मागावे. यजमान संस्था असे पत्र विनासायास देतात. अर्जासोबत त्या काळातील आपले तास कोण घेणार याची सहकाऱ्यांच्या स्वाक्षरीची योजना जोडा. प्राचार्यांचा विरोध बहुतेक वेळा गणिताला नसतो, रिकाम्या वर्गाला असतो. ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज व्हिसाच्या तारखेकडे पाहून करावा. जर्मनी, फ्रान्स यांसह युरोपातील बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि त्यावर १८० दिवसांत कमाल ९० दिवस राहता येते. अमेरिकेसाठी कोणत्या प्रकारचा व्हिसा लागेल हे यजमान संस्थेला विचारूनच ठरवावे. मानधन किंवा खर्चाची परतफेड मिळणार असेल तर पर्यटक म्हणून जाण्याचा सल्ला देणाऱ्यांचे ऐकू नये.

प्रश्न : आम्हा पाच जणांचा शोधनिबंध अशाच एका निवासी कार्यक्रमातून तयार झाला. आडनावांच्या वर्णक्रमाने माझे नाव शेवटी आले, आणि पदोन्नतीच्या गुणांत मला जवळजवळ काहीच मिळाले नाही. यावर उपाय आहे का? (सहयोगी प्राध्यापक, शिवाजीनगर)

उत्तर : उपाय आहे, पण तो निबंध पाठवण्यापूर्वी करायचा असतो. गणितात सहलेखकांची नावे आडनावांच्या वर्णक्रमाने देण्याची रीत आहे, आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने २००४ मध्ये एक निवेदन काढून ती रीत इतर शाखांतील लोकांना समजावून सांगितली. कोणी किती केले याचा हिशेब या रीतीत जाणूनबुजून मांडला जात नाही. हार्डी-लिटलवुड यांचा चौथा नियम हाच होता: दोघांच्या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या निबंधात एकाने काडीचीही भर घातलेली नसली तरी चालेल. ज्यांनी फळ्यासमोर एकत्र काम केले आहे त्यांना यातले शहाणपण पटते. महिन्याभरानंतर कोणती कल्पना मूळ कोणाची होती हे खरोखर सांगता येत नाही, आणि सांगण्याचा प्रयत्न केला तर पुढचा निबंध होत नाही.

शोधनिबंधांचे गुण मोजण्याच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या तक्त्याची रचना मात्र प्रयोगशाळा डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. दोनपेक्षा अधिक असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि उरलेल्या प्रत्येकाला ३० टक्के. परिणामी तिघांच्या गटात आडनाव ‘अ’ने सुरू होणाऱ्याला ७० टक्के गुण मिळतात आणि ‘व’वाल्याला, त्याने कितीही केले असले तरी, ३० टक्के. गणिताच्या बाबतीत हा तक्ता अन्यायकारक आहे असे माझे मत आहे आणि विषय-मंडळांनी ते लेखी कळवले पाहिजे. परंतु तोवर करता येण्याजोगे एक साधे काम आहे. तक्त्यात ‘पत्रव्यवहार करणारा लेखक’ असे शब्द आहेत, आणि गणिताच्या नियतकालिकांत ही भूमिका केवळ व्यवहाराची असते. तिचा श्रेयाशी संबंध नसतो. परदेशातील सहलेखकांना तिचा काही उपयोग नसल्यामुळे ती आपल्याकडे घेण्यास ते आनंदाने संमती देतात. गटात भारतीय शिक्षक एकाहून अधिक असतील तर एका निबंधात एकाने आणि पुढच्या निबंधात दुसऱ्याने ही जबाबदारी घ्यावी, आणि हे कामाच्या पहिल्याच आठवड्यात बोलून ठेवावे. छापून झालेल्या निबंधाबाबत आता फारसे करता येणार नाही. वर्णक्रमाची रीत स्पष्ट करणारे सहलेखकांचे पत्र आणि उपरोक्त निवेदनाची प्रत पडताळणी समितीपुढे ठेवता येईल, एवढेच.

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांची आहे. तिला घेऊन अशा ठिकाणी जाता येते का? (संशोधक, बाणेर)

उत्तर : बर्कलेच्या कार्यक्रमात कौटुंबिक जबाबदारी असलेल्यांचा विचार मुळातूनच केलेला आहे आणि मुलांसाठीच्या खर्चास साहाय्य मिळू शकते, अर्जाच्या वेळीच गरज कळवावी. डोंगरातल्या आडबाजूच्या संस्थांत पाळणाघराची सोय गृहीत धरू नये. सोबत आजी किंवा वडील येणार असतील तर जवळच्या गावात वेगळे घर घेणे बरे, हे आधी गेलेल्यांचे म्हणणे आहे.

प्रश्न : मे महिन्यात आमच्या महाविद्यालयाची इमारत आणि वसतिगृह रिकामे असते. पुण्यातच असा लहान कार्यक्रम चालवता येईल का? (गणित विभागप्रमुख, कर्वे रस्ता)

उत्तर : येईल, आणि माझ्या मते परदेशी जाण्याच्या खटाटोपापेक्षा याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. पुण्यात यासाठी लागणारी सामग्री आहे. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान लॉ कॉलेज रस्त्याजवळ आहे आणि ते केवळ गणितासाठी उभे आहे. २००६ पासून पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे. आणि पाहुण्या शिक्षकांची व्यवस्था कशी करावी याचा उत्तम नमुना तर विद्यापीठाच्या आवारातच आहे: जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये उभ्या राहिलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्राने विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील शिक्षकांना अभ्यागत सहयोगी म्हणून नेमण्याची पद्धत पाडली. या शिक्षकांनी ठरावीक मुदतीत पुन्हा पुन्हा येऊन राहावे, काम करावे, आपल्या गावी परतावे, आणि प्रवास व निवास संस्थेने पाहावा. खगोलशास्त्रात देशभर पसरलेले कितीतरी शिक्षक त्यामुळे संशोधनात टिकून राहिले. गणितासाठी असेच काही लहान प्रमाणावर करण्याला मोठी इमारत लागत नाही.

तीन गट, प्रत्येकी तीन-चार जण, दोन आठवडे, एवढ्यावर सुरुवात करा. प्रत्येक गटाला स्वतःची खोली आणि खराखुरा खडूचा फळा द्या. प्रोजेक्टर नसला तरी काही बिघडत नाही. मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, म्हणून खोल्या वरच्या मजल्यावर देऊ नका आणि कामाचे तास सकाळी लवकर व संध्याकाळनंतर ठेवा; इमारतीला रात्री आठला कुलूप लागणार असेल तर कार्यक्रम सुरूच करू नका. पहारेकऱ्याला लेखी सूचना, खानावळीशी वेळेची बोलणी आणि आयसरच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात तात्पुरता प्रवेश, या तीन गोष्टी एप्रिलमध्येच पक्क्या करा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि समारोपाचे भाषण कटाक्षाने टाळा. प्रमुख पाहुण्यांच्या वेळेनुसार गटांनी फळ्यावरून उठायचे असेल तर मग नेहमीचे चर्चासत्रच घेतलेले काय वाईट?

निधीसाठी अणुऊर्जा विभागाने १९८३ मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाकडे, म्हणजे एनबीएचएमकडे, विचारणा करावी. ज्यांच्याकडे स्वतःचा संशोधन प्रकल्प आहे त्यांना त्यातील प्रवासाची तरतूद वापरता येते. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने, म्हणजे एसईआरबीने, गणित-संशोधकांसाठी सुरू केलेल्या मॅट्रिक्स योजनेत वर्षाला २ लाख रुपये याप्रमाणे तीन वर्षे अनुदान देण्याची पद्धत होती. एसईआरबी आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये, म्हणजे एएनआरएफमध्ये, सामावले गेले आहे, त्यामुळे नव्या जाहिरातीतील अटी पाहून घ्याव्यात. बारा माणसांचे दोन आठवड्यांचे वसतिगृह, जेवण आणि राज्यांतर्गत रेल्वे किंवा एस.टी. प्रवास यांचा खर्च एका बऱ्यापैकी राष्ट्रीय चर्चासत्राच्या मंडपाहून फार अधिक होऊ नये.

व्यवस्थापन अहवाल मागेल. त्यात व्याख्यानांची संख्या आणि उपस्थितांची यादी नसेल हे त्यांना आधीच सांगा. त्याऐवजी प्रत्येक गटाकडून निघताना एक पान घ्या, ज्यात कोणती वाट बंद निघाली आणि कोणती उघडी आहे एवढेच लिहिलेले असेल, आणि पुढच्या मार्चमध्ये दुसरे पान मागवा. दुसरे पान ज्या गटाकडून येईल त्यालाच त्या मेमध्ये पुन्हा बोलवा.